बैठकीखालची बावडी

आमच्या घराच्या बैठकीखाली एक बावडी आहे. पाहुणे सोफ्यावर बसायचे, चहा प्यायचे, पंखा जरा जोरात करा म्हणायचे. त्यांच्या पायाखाली चाळीसेक फूट खोल दगडी बांधकाम आहे हे आम्ही कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. ती आम्हीच बुजवली होती.

साल १९८६. मी नऊ वर्षांचा होतो. औरंगाबादच्या जुन्या शहरात आमचं घर. (आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे. तोंडात जुनं नाव बसलंय, वाचकांनी सांभाळून घ्यावं.) घरात नळ येऊन काही वर्षं झाली होती आणि तेव्हा तो रोज यायचा. अम्मीला आता रहाटावर हात दुखवावे लागत नव्हते. जुन्या बावर्चीखान्याची भिंत पाडली होती, तिचा मलबा दारात पडला होता. तो बाहेर टाकायचा तर गाडीचे पैसे. अब्बांनी एकदा मलब्याकडे पाहिलं, एकदा बावडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अब इसका क्या काम?"

तीन दिवस काम चाललं. आमचा मलबा पुरला नाही तेव्हा शेजाऱ्यांनी आपापला आणून दिला, अगदी आनंदाने. मीही दगड टाकले. पहिल्या दिवशी पाण्यात पडल्याचा आवाज यायचा, तिसऱ्या दिवशी दगडावर दगड आपटल्याचा. त्या तीन दिवसांत अम्मी अब्बांशी बोलली नाही. शेवटी वर मुरूम, त्यावर शहाबादी फरशी, आणि आम्हाला एक मोठी बैठक मिळाली. त्याच एक-दोन वर्षांत आमच्या आसपासच्या आणखी तीन बावड्या अशाच गेल्या. कुणी वाईट माणसं नव्हती ती. पाणी नळातून येतं एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

आज आमच्याकडे 'पाण्याचा दिवस' असतो. आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, सोयरीक बघायला जात नाही, रात्री दोनला मोटार लावायला कुणीतरी जागं राहतं. छतावर काळ्या टाक्यांची रांग आहे. नवी सून घरात आली की तिला आधी सासऱ्यांची औषधं नाही, टाक्यांचे कॉक समजावून सांगतात.

मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे हे पाणी कुठून येतं ते मुलांना फळ्यावर काढून दाखवावं लागतं. पैठणला गोदावरीवर जायकवाडीचं धरण आहे, १९७६ साली पूर्ण झालेलं, त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. शहर तिथून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब आणि शंभर मीटरहून जास्त उंचावर. म्हणजे आपल्या बादलीतला प्रत्येक थेंब विजेवर चढून आलेला असतो. वीज गेली, पंप बिघडला, पाइप फुटला, की पाण्याचा दिवस पुढे. आता अडीच मीटर व्यासाची नवी जलवाहिनी टाकायचं काम चाललंय. २०२० च्या डिसेंबरात तिचं भूमिपूजन झालं तेव्हा योजना १६८० कोटींची होती. पुढे खर्च बराच वाढला. मी तिच्या विरोधात नाही. २०११ च्या जनगणनेतच शहर पावणेबारा लाखांचं होतं. एवढ्या लोकांना बावड्या पुरणार नाहीत, हे भूगोलाच्या मास्तरला कळतं. पण नळ आला तेव्हा आम्ही बावडी बुजवली. आता मोठा नळ आल्यावर काय बुजवू, याची मला धास्ती वाटते.

दरवर्षी मी मुलांना पाणचक्की दाखवायला नेतो. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाज्याजवळ, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला लागून ती आहे. उत्तरेकडच्या हर्सूलच्या बाजूचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, खापरी नळांतून तिथे आणलेलं. मध्ये मध्ये उंच मनोरे बांधलेत, पाण्याचा आणि हवेचा दाब सांभाळायला. सगळं उतारावर. एक युनिट वीज नाही. ते पाणी उंचावरून हौदात पडायचं आणि खाली जातं फिरायचं. त्यावर दर्ग्यातल्या फकिरांचं, यात्रेकरूंचं पीठ निघायचं. हौदाच्या तळाखाली एक दालन आहे, म्हणजे हौदाचा तळ हेच दालनाचं छत. भर मे महिन्यात तिथे गारवा असतो. मुलांना ते फार आवडतं. एसीशिवाय थंड खोली त्यांनी पाहिलेली नसते.

त्याच्याही आधी मलिक अंबर. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस दख्खनेत येऊन निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच आमचं शहर. आणि शहर वसवल्यावर त्याने नहर-ए-अंबरी काढली. मला त्याच्या लढायांपेक्षा हे मोठं वाटतं. त्याने विचारलं असणार की इथे लोक राहतील तर पितील काय, आणि उत्तर त्याने इथल्याच डोंगरांत, इथल्याच मातीत शोधलं. पुढच्या काळात अशा डझनभर नहरी झाल्या. आम्ही त्यांच्यावर घरं बांधली, रस्ते रुंद केले, शेजारी बोअर मारले, काही ठिकाणी गटारं सोडली. शहराच्या नावावरून आमच्याकडे जेवढी भाषणं झाली त्याच्या दहावा हिस्सा या नहरींवर झाली असती तर दोन्ही बाजूंच्या वक्त्यांचे घसे तरी ओले राहिले असते.

पाणचक्कीच्या बाहेर आलं की पुलावरून खाम दिसते. तिचं काय झालं होतं ते शहरातल्या कुणालाही विचारा, आधी नाकाला हात जाईल. अलीकडे काही वर्षांत काठाची सफाई झाली, झाडं लावली, लोक फिरायला येऊ लागले, हे खरंच चांगलं झालं. पण मुलांना मी नकाशात पुढे बोट फिरवायला सांगतो. खाम कुठे जाते? गोदावरीला. कुठे? नाथसागराकडे. वर्गात एक क्षण शांतता होते आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, "सर, यानी हमारा ही हमको?"

हो. आपलंच आपल्याला.

पण शहराची खरी खोड त्याहून जुनी आहे. आणायचं दुसऱ्याच्या दारातून आणि टाकायचं तिसऱ्याच्या दारात. हे मला भूगोलाच्या पुस्तकातून कळलं नाही, मावसबहिणीकडून कळलं. तिचं सासर नारेगावकडे. शहराचा सगळा कचरा वर्षानुवर्षं तिथल्या डेपोत जायचा, दिवसाला चारशे टनांहून जास्त. २०१८ च्या फेब्रुवारीत तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आता बस म्हणाले. मग कचरा शहरातच राहिला. कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग, काही ठिकाणी पेटवलेले, धूर घराघरात. कुठे टाकायचा म्हणून दुसरी जागा शोधली तर तिथलेही लोक रस्त्यावर आले. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक आणि लाठीमार झाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेव्हा पुरुषभर उंचीचा ढीग होता. मी बहिणीला फोन करून तक्रार केली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "चार दिन में नाक पे रुमाल आ गया? हम कित्ते साल से रोटी उसी बास में पका रहे."

मी त्यावर काही बोललो नाही. काय बोलणार? तिच्या घरी ईदला जायचो तेव्हा मी लवकर निघायचो, आणि निघण्याचं कारण दरवेळी वेगळं सांगायचो.

त्या वर्षी आमच्या गल्लीने ओला-सुका वेगळा करायला शिकून घेतलं. कुणी उपदेश केला म्हणून नाही, ढीग दारात होता म्हणून. आज निम्मी घरं करतात, निम्मी विसरली.

आता मशिदीची गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीची बोअर आटली. पहिली दीडशे फुटांवर लागली होती, ती गेल्यावर चारशेपर्यंत नेली, तीही गेली. रमजान तोंडावर. चंद्याचे पैसे टँकरमध्ये जायला लागले. कमिटीच्या बैठकीत एकच चर्चा, तिसरी बोअर कुठे मारायची. मी म्हटलं, आधी आपण किती पाणी वापरतो ते तरी मोजू. मुतवल्लीसाहेब म्हणाले, "सर, ये इबादत है, इसका क्या हिसाब?" मौलाना मात्र हसले. ते म्हणाले, हिसाब तर आहे. पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करायचे असं हदीसमध्ये आलंय. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची एक भरलेली ओंजळ. आजच्या मापात पाऊण लिटरच्या आसपास.

दहावीची चार पोरं घेऊन मी वुजूखान्याच्या नालीपाशी बादली आणि मापाचा डबा घेऊन बसलो. जोहरच्या नमाजीला वीस माणसं मोजली. सरासरी सहा लिटर. सर्वांत कमी दीड लिटर, एका म्हाताऱ्या चाचांचं, जे अजून बधन्यानेच वुजू करतात. सर्वांत जास्त साडेनऊ लिटर. ते माझं होतं. पाय धुऊन होईपर्यंत मी नळ एकदाही बंद करत नाही, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पोरांनी ते संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात पोहोचवलं. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी पाणी वाया घालवू नका, ही शिकवण मी लहानपणापासून ऐकत आलोय, वर्गात सांगतही आलोय.

जुमा सोडून दिवसाला अडीचशेच्या आसपास वुजू होतात. म्हणजे रोजचं दीड हजार लिटर. पाच हजारांचा टँकर तीन दिवसांत संपत होता तो यामुळे. आम्ही दाबून धरायचे नळ बसवले, ज्यांना हवे त्यांच्यासाठी वीस बधने आणले. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजलं तर सरासरी अडीच लिटरवर आली होती. टँकर आठ दिवस पुरू लागला. यात काही करामत नाही. नळ बदलले, एवढंच.

मग वुजूचं पाणी गटारात का सोडायचं हा प्रश्न आला. दोन-तीन बुजुर्गांचं म्हणणं होतं की ते पाणी झाडांना घालणं योग्य नाही, वापरलेलं पाणी आहे. दुसरे म्हणाले, गटारात जातं ते तरी योग्य कसं? मौलानांनी मसला उलगडून सांगितला. आमच्या हनफी फिकहप्रमाणे त्या पाण्याने पुन्हा वुजू होत नाही, पण पाणी स्वतः पाक आहे. झाडाला वुजू करायचा नाही. लोक हसले आणि काम झालं. गल्लीपलीकडे कब्रस्तान आहे. तिथे दरवर्षी रोपं लावायची आणि दरवर्षी एप्रिलमध्ये ती वाळायची हा आमचा रिवाज होता. आता पाइपने ते पाणी तिकडे जातं. कडुनिंबाची सात रोपं या उन्हाळ्यात जगली. अब्बांच्या पायथ्याशी एक आहे.

इथपर्यंत मी मोहल्ल्यात भलताच शहाणा ठरलो होतो. खरी अडचण छताची निघाली.

मशिदीचं छत दोन हजार चौरस फुटांचं. आमच्याकडे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाडा म्हणजे पाऊसच नाही असं लोक समजतात. पडतो, पण थोड्या दिवसांत पडतो आणि रस्त्यावरून निघून जातो. हिशेब केला तर त्या छतावर सव्वा लाख लिटरच्या वर पाणी येतं. गळती, बाष्प, पहिल्या पावसाची घाण सोडून दिली तरी लाखभर. वीस टँकर. आजवर ते पन्हळीतून गल्लीत पडत होतं आणि आम्ही चपला हातात घेऊन त्यातून मशिदीत जात होतो.

कमिटीत एकाने बरोबर शंका काढली. जमिनीत सोडलेलं पाणी आपल्याच बोअरला येईल कशावरून? मी खरं सांगितलं. आपल्याखाली काळा पत्थर आहे, पाणी त्याच्या भेगांतून जातं, भेग कुठे जाईल ती जाईल. "मतलब पीछे के गणपती मंदिर की बोअर को भी लग सकता?" लागू शकतं. क्षणभर सगळे गप्प. मौलाना म्हणाले, "तो क्या हुआ? वहाँ के लोग पानी नहीं पीते क्या?" विषय तिथेच संपला. पुढे मंदिराच्या मंडळातले दोघे येऊन आमचं काम बघून गेले आणि गाळणीच्या खड्ड्यात आधी गोटे की आधी वाळू यावर आमच्या मिस्त्रीशी वाद घालून गेले.

पण खड्डा घ्यायचा कुठे? मशिदीच्या आवारात सगळीकडे फरशी, खाली पाया. मिस्त्री म्हणाला, नवीन खणण्यापेक्षा आसपास एखादी जुनी बावडी असेल तर बघा, अर्ध्या खर्चात होईल आणि पाणी खोलवर जाईल. कुणी बोललं नाही. मग त्या बधनेवाल्या चाचांनी माझ्याकडे बोट केलं. "इनके घर में थी. मैंने भी दो टोकरी मलबा डाला था."

मला ते माहीत होतं. मोजणी सुरू केली त्या दिवसापासून माहीत होतं. मोहल्लाभर लोकांचे लिटर मोजत फिरलो, पण आमच्या बैठकीबद्दल तोंड उघडलं नाही. कारण ती बैठक आता माझी नाही. वाटणीत ती धाकट्या भावाकडे गेली. दोन वर्षांपूर्वी त्याने तिथे चकचकीत टाइल्स बसवल्या, आणि डिसेंबरात त्याच्या मुलीचं लग्न आहे.

भावाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "भाईजान, मी पाणीपट्टी भरतो. पाणी देणं हे माझ्या बैठकीचं काम आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग माझीच फरशी का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शहराने करायचं ते शहराने केलं नाही म्हणून एका माणसाच्या लग्नघराची जमीन फोडायची, यात अन्याय आहेच. एकदा वाटलं, सोडून द्यावं. तिसऱ्या बोअरलाच हो म्हणावं.

अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे, खाटेवर असते, निम्मं ऐकू येत नाही. आमचं बोलणं तिने किती ऐकलं माहीत नाही. रात्री जेवताना ती भावाला म्हणाली, "मैं उस वक्त भी बोली थी. तीन दिन बात नहीं की तुम्हारे अब्बा से." एवढंच. भावाने ताटात पाहत जेवण संपवलं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सोफा त्याने स्वतःच बाहेर काढला.

खोदकाम मे महिन्यात सुरू झालं. वरचा मुरूम गेल्यावर आमचाच बावर्चीखाना निघाला. चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या विटा, तामचिनीची एक फुटकी बशी. त्याखाली शेजाऱ्यांचं सामान. घमेल्याने भरायचं, दोरीने ओढायचं, पुन्हा गाडीत. १९८६ मध्ये वाचवलेलं गाडीभाडं आम्ही कितीतरी पटींनी दिलं. सव्वीस फुटांवर माती ओली लागली. पाणी नाही, ओल. तेवढ्यात मृगाचा पाऊस आला आणि मजूर पेरणीला गावी निघून गेले. काम तिथेच थांबलं. मशिदीच्या छतापासून पाइप गल्लीवरून आणून गाळणीला जोडलाय, आणि गाळणीतून तो सव्वीस फुटांच्या बावडीत उतरलाय. उरलेले फूट दिवाळीनंतर.

टाइल्सचे पैसे मी देतो म्हटलं होतं. भावाने निम्मे घेतले, निम्मे मशिदीच्या पाइपात लाव म्हणाला. त्याची एकच अट आहे. लग्नाला पाहुणे येणार, लहान मुलं पळणार, त्यामुळे तोंडावर जाड लोखंडी झाकण हवं, कुलूप लागेल असं, आणि त्यावर गालिचा बसला पाहिजे. लोहार उद्या माप घ्यायला येतोय. उद्या पाण्याचा दिवसही आहे, म्हणून त्याला दुपारनंतर बोलावलंय.